दोन बाटल्या आणि एक सुस्त घोडी

माझी छाती फुटली ती घोड्याच्या आवाजापायी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे काय झालं त्यात माझी लबाडी किती आणि देवाची मर्जी किती, यावरून माय अजून माझ्याशी भांडते.

मी शहाद्याचा. मराठी सातवी पास. मास्तर म्हणायचे, या पोराच्या डोक्यात काही नाही, सगळं गळ्यात आहे. ते खरंच होतं. कापसाच्या जिनाचा भोंगा, मोराची हाक, कीर्तनकारबुवांचं नाक ओढणं, खुद्द मास्तरांची शिंक, सगळं मला यायचं. मास्तरांची शिंक मी खिडकीबाहेरून काढली की मास्तर वर्गात नसतानाही पोरं गपचूप पाढे घोकायला लागायची. पण सगळ्यात अवघड घोडा. बकरी गळ्यातून निघते, कोंबडा टाळूतून निघतो, घोड्याला मात्र अख्खी छाती लागते. वरून सुरू करायचं, मग आवाज तुकड्यातुकड्यानं खाली उतरवायचा, आणि शेवटच्या फुरफुरीपर्यंत वारा पुरला पाहिजे. मधेच वारा संपला तर त्याचं गाढव होतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात मी मायसोबत सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. माय दत्ताच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहिली आणि मी घोड्यांच्या बाजारात शिरलो. तिथं एक काठेवाडी सौदागर होता. त्याच्याकडं एक लाल घोडी, कपाळावर पांढरा टिळा, दिसायला नवरीसारखी. पण इतकी सुस्त, की गिऱ्हाईक दात बघायला तिचं तोंड उघडायचं आणि ती त्यातच जांभई देऊन घ्यायची. मी जिलेबीच्या दुकानापाशी उगाच गंमत म्हणून खिंकाळलो. तर या बाईनं झटकन मान वर केली, कान टवकारले, आणि नाचायलाच लागली. तिला वाटलं, कोणी राजबिंडा घोडा आला.

सौदागरानं घोडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. दोन मिनिटांत मी त्याच्या तंबूच्या मागं उभा, हातात जिलेबीचा द्रोण. मी खोकलो की तू खिंकाळायचं, एवढंच त्यानं मला समजावलं.

मग गिऱ्हाईक आलं. गोरा डॉक्टर. डोक्यावर टोपी, हातात काळी छत्री. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातून येऊन त्यानं आमच्याकडं मिशनचा दवाखाना काढला होता, आणि मराठी तो पुस्तकातून शिकला होता. मी कनातीच्या फटीतून ऐकत होतो. तो घोडीला म्हणाला, "आपण चालून दाखवावे." घोडी झोपली होती. सौदागर खोकला. मी खिंकाळलो. घोडी चालून दाखवायच्या ऐवजी रेवाल चाल धरूनच निघाली, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी सांडला नसता. डॉक्टर खूश. पुन्हा खोकला, पुन्हा मी. सौदा ठरला. तिसऱ्यांदा सौदागर बहुतेक आनंदानंच खोकला असेल, पण मी म्हटलं आता शेवटचा लांब काढू, उरलेली जिलेबी हलाल करू. अर्ध्यावर आलो आणि डाव्या बाजूला आत काहीतरी टच् झालं. सदऱ्याचं बटण तुटतं तसं. मग सुरा. श्वास घ्यायला जावं तर अर्ध्यावर भिंत. मी मटकन खाली बसलो. बाहेर सौदागर खोकत होता, आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

मागं कोण तडफडतंय म्हणून बघायला पहिला आला तो डॉक्टरच. त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यावर ठोकलं. उजवीकडं बरोबर वाजलं, डावीकडं रिकाम्या रॉकेलच्या डब्यासारखं. तेवढ्यात माय हातातला प्रसाद सांभाळत धावत आली. डॉक्टर तिला म्हणाला, "माते, आपल्या पुत्राचे डावे फुप्फुस मिटले आहे." माय नुसती बघत राहिली. तेव्हा त्यानं आपली छत्री उघडून दाखवली, मग मिटून दाखवली. "असे." मायला समजलं. तिनं विचारलं, मग उघडाले किती दिन लागतीन? डॉक्टरनं छत्री काखेत मारली आणि तो बैलगाडी बघायला निघाला.

मी बारीक, उंच पोरगा, वाळलेल्या बाजरीच्या ताटासारखा, असल्यांचीच छाती अशी फुटते म्हणे. मला बैलगाडीत गवतावर निजवलं. तापी उतरून दवाखान्याला पोचायला दोन दिवस लागले. गाडीच्या मागं ती लाल घोडी बांधलेली होती, ती चालता चालता झोपत होती. एकाच लबाडीतून आम्ही दोघंही त्या भल्या माणसाच्या गळ्यात पडलो होतो. हे फक्त मला माहीत होतं आणि मी कोणाला सांगणार नव्हतो.

दवाखाना लहानच. कौलाची लांब खोली, सहा खाटा, बाहेर चिंचेखाली रोग्यांच्या माणसांच्या चुली. माय माझ्याजवळ राहिली. आबा कापसाच्या वेचणीमुळं घरी थांबले, दर आठ-दहा दिवसांनी भाकरीचं पीठ आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायचे, खाटेशी उभे राहायचे, आणि न बोलता जायचे.

डॉक्टरनं आधी सुईनं छातीतली हवा काढली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्री मिट्ट. मग त्यानं बरगड्यांच्या मधून रबराची नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाटेखाली पाण्याच्या बाटलीत बुडवलं. श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे. घरात आज्याचा हुक्का वाजायचा तसा मी रात्रंदिवस वाजायला लागलो. हुकूम होता: बोलायचं नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. नकला करणाऱ्या माणसाला ही शिक्षा फाशीच्या वरची. बरं, मनातल्या मनात हसलो तरी खाटेखालून बुडबुड बुडबुड व्हायचं आणि नर्सबाई दारातून डोळे मोठे करायच्या. त्या बाटलीसारखी चुगलखोर वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक कोकणी बाबा होता, म्हणजे कोकणातला नव्हे, नवापूरकडच्या डोंगरातला आदिवासी. केस पांढरे, छाती डफासारखी रुंद. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात तो पावरी वाजवणारा. पावरी म्हणजे भोपळा आणि शिंग जोडलेलं फुंकायचं वाद्य, चांगलं माणसाच्या कमरेला लागेल एवढं. डोंगरावरून उतरताना खडकावरून त्याचा पाय सटकला आणि मांडी मोडली. पायाला वाळूची पिशवी लटकवून त्याला निजवलेलं, आणि उशाशी भिंतीवर पावरी. ती त्यानं डॉक्टरला हलवू दिली नव्हती. त्याची बोली वेगळी, माझी अहिराणी वेगळी, पण आठ दिवसांत आमचं भलतंच जमलं. त्याचा पाय हलत नव्हता आणि माझी छाती. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं.

त्याच्यापायीच मी पहिला गुन्हा केला. एकदा डॉक्टर फेरी मारून गेल्यावर बाबानं भुवया उडवून विचारलं, साहेब कसा चालस? मग राहवतंय का? मी उठून बसलो, पाठ ताठ केली, हात मागं बांधले, आणि नर्सबाईंच्या औषधाच्या टेबलाला म्हणालो, "आपण आज शौचास गेलात का?" सगळी खोली हसली. मीही हसलो. पण बाटली वाजली नाही. मला वाटलं, वा, बरा झालो. झालं होतं असं की नळी माझ्या मांडीखाली दुमडली होती. हवेला बाहेरची वाट बंद, मग ती निघाली कातडीखालून. आधी मान, मग गाल, मग डोळे. तासाभरात मी दिवाळीच्या पुरीसारखा टम्म. नर्सबाईंनी गळ्यावर बोट दाबलं तर कातडीखाली चुरचुर वाजलं, पापड मोडावा तसं.

माय चुलीवरून भाकरी घेऊन आत आली. माझ्या खाटेकडं पाहिलं, बाकीच्या पाच खाटा पाहिल्या, आणि नर्सबाईंना म्हणाली, "हाऊ मन्हा आंडोर नही. मन्हा आंडोर कोठे ठेवा?" डॉक्टर नळी सरळ करत होता. तो म्हणाला, "माते, हा आपलाच पुत्र आहे. फक्त याच्यात हवा जास्त झाली आहे." मायनं जवळ येऊन माझा कान धरला. कान तेवढा फुगला नव्हता. कानावरून तिनं मला ओळखलं, आणि तोच कान पिळला.

सूज चार-पाच दिवसांत उतरली. पण नळीच्या वाटेनं आत पू झाला. तेव्हाचं मला फार आठवत नाही. ताप. अंगावर गोधडी आणि तरी थंडी. जाड नळी, दुर्गंध, डॉक्टरचे लाल केसाळ हात. जगातली दुसरी मोठी लढाई चालू होती, रबर मिळत नव्हतं, तीच नळी रोज उकळून पुन्हा घालत. कसल्याशा नव्या पांढऱ्या गोळ्या होत्या, त्या खाल्ल्या की तोंडाला भांड्याच्या कल्हईची चव यायची. माय माझ्या तळव्यांना काशाच्या वाटीनं तेल चोळायची. एकदा आबा आले आणि न बोलता गेले नाहीत, खाली बसले. त्यावरून मला कळलं की मी मरायला टेकलोय. मग एका सकाळी मला भूक लागली. मी ठेचा मागितला. मायनं चिंचेखाली जाऊन मोठ्यानं रडून घेतलं आणि ठेचा आणला.

नळी निघाली. फाल्गुन लागला होता. डॉक्टरनं माझी छाती ठोकली. आता डावीकडं डबा वाजत नव्हता. वरच्या अंगाला बरा आवाज, खाली मात्र थप. पावसानं भिजलेल्या भिंतीवर हात मारावा तसा. म्हणजे पू गेला, पण छत्री अर्धीच उघडलेली. मग त्यानं त्या दोन बाटल्या आणल्या.

मोठ्या काचेच्या बाटल्या, नळीनं एकमेकींना जोडलेल्या. डावीत पाणी, त्यात विहिरीत टाकतात ती जांभळी पूड. एका नळीतून मी फुंकायचं, म्हणजे पाणी डावीतून उजवीत जाणार. दिवसातून पाच वेळा, दर वेळी वीस फुंका. फुंकायला जोर लावला की फुप्फुस ताणतं, ताणलं की उघडतं. अख्खं पाणी एका फुंकेत पलीकडं गेलं पाहिजे. पहिल्या दिवशी दोन बोटं गेलं. आणि छातीत असं ओढलं, जशी कोणी ओली गोधडी पिळतंय.

डॉक्टरनं माझ्यापासून काही लपवलं नाही. महिन्याभरात उघडलं नाही तर डावीकडच्या काही बरगड्या कापून काढाव्या लागतील, म्हणजे छातीच खाली बसवून रिकामी जागा भरायची. तसं केलेला एक माणूस त्याच आठवड्यात दाखवायला आला होता. डावा खांदा उतरलेला, चालताना एका बाजूला कललेला, चार शब्द बोलून थांबायचा, वारा गोळा करायचा, मग पुढचे चार. भला माणूस. त्यानं मला पेढा दिला. तो गेल्यावर बाबानं भुवया उडवल्या, आणि मी खांदा उतरवून त्याची नक्कल केली. चार शब्द, थांबणं, चार शब्द. खोली हसली. मी मात्र मधेच गप झालो. बाकी कोणाचीही नक्कल करायला मला मेहनत पडते. ही आपोआप जमली होती. माझा वारा तेवढाच होता.

त्या दुपारी मी भिंत धरून खिडकीपर्यंत गेलो. खाली डॉक्टरचा टांगा उभा, टांग्याला ती लाल घोडी, एक मागचा पाय दुमडून डोळे मिटलेली. डॉक्टर तिच्यापायी हैराण होता. यात्रेत केवढी तडफदार होती, इथं येऊन हिला काय झालं, तिचंही रक्त तपासावं का, असं तो नर्सबाईंना विचारायचा, आणि मी उशीत तोंड खुपसायचो. मी खिडकीचे गज धरले आणि खिंकाळलो. म्हणजे खिंकाळायला गेलो. तेल न घातलेलं दार करकरतं तसं काहीतरी निघालं आणि अर्ध्यावर संपलं. घोडीचा कानसुद्धा हलला नाही. माशी बसली होती, तिच्यासाठी हलला.

मी खाटेवर येऊन भिंतीकडं तोंड केलं. घोडा गेला तर माझ्याजवळ काय उरणार होतं? गळ्यात होतं तेवढंच माझं होतं, डोक्यात काही नाही हे मास्तरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

बाबा हे सगळं बघत होता. मग त्यानं भिंतीवरची पावरी काढून मागितली आणि मला शिकवलं. डोंगऱ्यादेवापुढं पावरीचा सूर रात्रभर तुटता कामा नये. माणूस आहे, श्वास तर लागणारच. मग पावरीवाले काय करतात, गाल फुगवून वारा तिथं साठवतात. गाल वाजवतात, तेवढ्यात नाक श्वास घेतं, पुन्हा गाल भरतात. तो म्हणाला, "छातीमा वारा नही ठेवाना, पोऱ्या. गालमा ठेवाना."

आठवडा लागला. बाटलीच्या नळीवरच मी सराव केला. गाल भर, दाब, नाकानं ओढ, गाल भर, दाब. बघणाऱ्याला एकच लांब फुंक वाटावी. पाणी अर्धं गेलं. मग पाऊण. होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळंच्या सगळं जांभळं पाणी पलीकडं, आणि शेवटी बाटलीचा बुडबुडाट. मायनं खोलीभर गूळ वाटला. आबांना निरोप गेला. बाबानं गुरूनं घ्यावा तसा मोठा खडा घेतला. छातीला काही ओढ नाही, काही दुखणं नाही. आम्हा दोघांना खरंच वाटलं, काय सोपी युक्ती काढली. डॉक्टरला बिचाऱ्याला ती माहीत नसणार. त्याच्या देशात पावरी कुठली.

डॉक्टर रोज ते पाणी बघायचा, खूश व्हायचा, मग छाती ठोकायचा आणि कपाळाला आठी. खाली थप ते थपच. असं आठ-दहा दिवस चाललं. मग एका सकाळी तो स्टूल ओढून माझ्याजवळ बसला.

"आपण शूर आहात," तो म्हणाला. "संपूर्ण जोराने फुंकता. पाणी जाते. तरी फुप्फुस उघडत नाही. याचा अर्थ ते खाली चिकटले आहे. आता फुंकून उपयोग नाही. शनिवारी बरगड्या काढू."

तो गेला. माय बाहेर भाकरी थापत होती, थापटण्याचा आवाज येत होता, म्हणजे तिला अजून कळलं नव्हतं. मी बाबाकडं पाहिलं. तो छताकडं बघत होता. माझ्याच फुंकण्यानं डॉक्टरला फसवलं होतं, आणि त्या फसवणुकीवरच तो आता माझ्या बरगड्या कापणार होता. सांगावं तर लाज. गूळ वाटून झालेला. आणि सांगितल्यावर तो म्हणाला असता, खोटारडा पोरगा, घेऊन जा याला, तर?

दुपारपर्यंत मी तसाच पडलो. मग बाबाच बोलला.

"सांगी दे. मी बी सांगस."

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आला तेव्हा मी उठून बसलो. नक्कल नाही, काही नाही, माझ्याच आवाजात. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पाणी छातीनं नाही गेलं. गालानं गेलं." त्याला समजेना. मी करून दाखवलं. तरी त्याला समजेना. तेव्हा बाबानं पावरी तोंडाला लावली आणि एक सूर धरला. खोलीतली माणसं एकदोन श्वास घेऊन झाली, पाच-सहा घेऊन झाली, सूर तसाच. डॉक्टर वाकून त्याच्या गालांकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळला, अंगठा आणि बोट यांच्यात माझे दोन्ही गाल चिमटीत घट्ट धरले, आणि म्हणाला, "आता फुंका."

चार बोटं पाणी हललं.

तो बाबाच्या खाटेवर टेकला. वाटलं, आता ओरडणार. त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता तो, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाला, मला शिकवा. बाबानं शिकवलं. आमच्या डॉक्टरनं तोंड लाल केलं, डोळे बटाट्याएवढे केले, आणि नाकाऐवजी नळीतूनच श्वास ओढला, तर पलीकडचं पाणीही अलीकडं आलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हसताना छातीत दुखलं तरी ते दुखणं चांगलं असतं.

शनिवार पुढं ढकलला गेला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली, एका अटीवर. गालांवर पहारेकरी पाहिजे. पहारा मायकडं आला.

मायला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी मला बोलली, मग बाबाला बोलली, वयाला न शोभेल असा गूळ खाल्ल्याबद्दल. मग पदर खोचला आणि बसली माझ्यासमोर. तिच्या बोटांना भाकऱ्या थापून थापून जो जोर आला होता, तो सगळा माझ्या गालांवर. "आते फुक. गाल मी धरेल शेतस." मी फुंकायचो. पाणी चार बोटं. "हाई काय फुकनं शे? चूल फुकतांना मी यान्हापेक्षा जास्त फुकस." पाच बोटं. बाबा शेजारून मोजायचा. त्याला वीसच्या पुढं येत नव्हतं, पण आम्हाला लागायचेही वीसच. गालांवर मायच्या बोटांचे डाग पडले. नर्सबाई म्हणाल्या, रोगी दुखण्यानं मरत नाही, मायनं मरेल.

दुखायचं. खरी फुंक दुखते, हे त्या पंधरा दिवसांत समजलं. पाठीत खाली, बरगडीच्या मागं, चिकटलेलं काहीतरी रोज थोडं थोडं सुटायचं, जुन्या पत्रावरचं तिकीट वाफेवर धरून सोडवावं तसं. नवव्या की दहाव्या दिवशी मोठा खोकला आला, इतका की मायनं गाल सोडले. आणि खोकला संपल्यावर जो श्वास मी घेतला तो खाली जातच राहिला. जिथं रोज भिंत लागायची तिथं दारच उघडं. मी मायकडं बघितलं. ती म्हणाली, "काय व्हयनं?" मी पुन्हा एक घेतला. फुकटचा माल मिळाल्यासारखा घेतच राहिलो.

तेराव्या दिवशी गाल मायच्या चिमटीत असताना सगळं पाणी पलीकडं गेलं. मायनं गूळ वाटला नाही. म्हणाली, एक डाव वाटीसन फसनू, आते साहेब सांगी तवय वाटसू.

मुदतीच्या दिवशी डॉक्टर सकाळीच आला. बाहेर टांगा जुंपून तयार होता, त्याला कुठल्या तरी गावी रोगी बघायला जायचं होतं. त्यानं माझी पाठ ठोकली. वरून खाली, डावीकडं, उजवीकडं. ढम. ढम. खाली गेला. तिथंही ढम. पुन्हा ठोकलं. मी त्याला तोंडानंच आधी आवाज काढून दाखवला, डावा हा, उजवा हा, दोन्ही सारखे. तरी त्याचं समाधान होईना. नळी कानाला लावून माझ्या पाठीवर ठेवली, खूप वेळ ऐकलं, आणि म्हणाला की बाटलीवर त्याचा विश्वास उरला नाही, आणि क्षमा असावी, माझ्यावरही.

मी म्हटलं, एक गोष्ट आहे जी गालानं होत नाही.

"ती करावी," डॉक्टर म्हणाला. नळी त्याच्या कानातच होती. मला सांगायला हवं होतं, पण मी तेव्हा खिडकीकडं बघत होतो. खाली घोडी, एक पाय दुमडलेला, खालचा ओठ लोंबता. मी छाती भरली. ती भरतच गेली. मायचे हात सवयीनं माझ्या गालांकडं आले आणि मधेच थांबले.

मी खिंकाळलो. वरून सुरू केलं, तुकड्यातुकड्यानं उतरवलं, उतरवतच गेलो, आणि शेवटची फुरफुर नाकातून सोडली तरी वारा उरलाच होता. मागं डॉक्टरनं दोन्ही हातांनी कान धरले होते.

खाली घोडीचे कान उभे राहिले. मग मान. मग ती अख्खीच जागी झाली, जशी चार महिन्यांची झोप एका झटक्यात झाडली, आणि तिनं जी ओ दिली ती चिंचेखालच्या चुलींपर्यंत गेली. टांगेवाला लगाम ओढत म्हणत होता, काय व्हयनं हिले, काय व्हयनं हिले.

डॉक्टर उठून खिडकीशी आला. घोडीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा घोडीकडं. त्याच्या चेहऱ्यावर मार्गशीर्षातला तो सगळा बाजार हळूहळू परत येताना मला दिसत होता, कनात, सौदागर, खोकला.

"त्या तंबूच्या मागे," तो सावकाश म्हणाला, "आपण होता."

मी म्हटलं, "हो. जिलेबीसाठी."

मायला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं डॉक्टरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, एवढं समजली की पोरानं आणखी काहीतरी केलेलं आहे, आणि नक्की काय ते विचारायच्या आधीच माझा कान धरला.

डॉक्टरनं तो सोडवला. शिक्षा त्यानंच दिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी जायचं, बरगड्या जिथल्या तिथं घेऊन. पण वर्षभर दर महिन्याला छाती दाखवायला यायचं, आणि तेही सकाळी, टांगा जुंपायच्या वेळेला. आधी खिडकीशी उभं राहून घोडीला जागं करायचं, मग खाटेवर येऊन सदरा काढायचा.

बाबाची वाळूची पिशवी तोवर निघाली होती. तो काठीवर टेकून दारात उभा राहिला आणि मायकडं हात पुढं केला. मायनं पिशवीतून गुळाचा सगळ्यात मोठा खडा काढून त्याला दिला. खाली डॉक्टरला घेऊन टांगा सुटला तो इतका वेगानं, की त्याची टोपी ओसरीवरच राहिली.